कुसुमअक्का आणि उशिरा आलेली सुरमई

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रविवारी सकाळी कुणी नवखा माणूस आला, की तो एकदा तरी दचकतोच. बिचारा मेनू वाचत असतो आणि अचानक छतातून यावा तसा एक स्वच्छ, खणखणीत बायकी आवाज येतो :

"कृपया इकडे लक्ष द्यावे. टेबल क्रमांक दोनवरील बांगडा फ्राय आपल्या निर्धारित वेळेपेक्षा दहा मिनिटे उशिराने येत आहे."

नवखा वर बघतो, स्पीकर शोधतो. स्पीकर नसतो. भिंतीला टेकून बारीक अंगाच्या, घट्ट अंबाड्याच्या, साठी ओलांडलेल्या एक बाई बसलेल्या असतात. समोर पाण्याचा पेला, शेजारी कापडी पिशवी. त्या नवख्याकडे बघतही नाहीत. नजर समोर ठेवून तेच वाक्य पुन्हा, अगदी त्याच चालीत म्हणतात. कारण घोषणा दोनदा करायची असते. शेवटी एक पुस्ती असते. "होणाऱ्या असुविधेबद्दल स्वयंपाकघराला खेद असावा."

स्वयंपाकघरातून हॉटेलची मालकीण रेखा अहिराणीत 'आहे' म्हणून ओरडते, "शे ना अक्का, शे! खेद शे!"

या कुसुमअक्का. रेल्वेत एकतीस वर्षं उद्घोषक होत्या. म्हणजे स्टेशनवर ज्या बाई दिसत नाहीत आणि फक्त ऐकू येतात, त्या. चाळीसगाव, भुसावळ, जळगाव असं फिरून जळगावातच निवृत्त झाल्या आणि आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायला आल्या. खानदेशातल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी अक्कांचं ऐकून धावत पूल ओलांडला असेल. पण रस्त्यात त्या समोरून आल्या तर एकानेही त्यांना ओळखलं नसतं.

निवृत्त झाल्या तरी अक्कांची भाषा काही निवृत्त झाली नाही. आमच्याकडे पाहुणे आले की त्या म्हणतात, "आगमन झालं का?" स्वतः घरी निघाल्या की, "माझं प्रस्थान." घड्याळ त्यांच्यासाठी चोवीस तासांचं. दुपारी सव्वाला आमच्या घरी हळदीकुंकू होतं, तर यांनी माझ्या बायकोला विचारलं, "सुनंदा, तेरा पंधरालाच ना? बदल असेल तर आधी कळव." शेजारच्या महाजनांच्या सुनेला मुलगी झाली तेव्हा अक्का गॅलरीत उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला कळवलं की महाजनांच्या घरी कन्येचं शुभ आगमन झालेलं आहे. दोनदा. मग सवयीने हिंदीतही. महाजनांना दारोदार पेढे घेऊन फिरावं लागलं नाही, लोकच डबे घेऊन आले.

आता हॉटेलाबद्दल. हॉटेल कसलं, चार टेबलं आहेत. रेखा आणि तिचा नवरा संतोष शिरपूरकडचे, तापीकाठच्या गावातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या नदीतले मासे. जळगावात येऊन त्यांनी हे दुकान टाकलं, आणि संतोषने डोकं लढवून ठरवलं की नदीच्या माशांबरोबर समुद्राचेही ठेवायचे. दर शनिवारी तो मुंबईला जातो, धक्क्यावरून मासे घेतो, बर्फाच्या पेटीत भरतो आणि रात्रीच्या गाडीने पेटी पायाशी ठेवून रविवारी सकाळी परत येतो. हॉटेल सकाळी आठला उघडतं, दुपारी तीनला बंद. पोहे-शेवेपासून सुरुवात आणि सुरमईच्या रश्श्यावर शेवट. पुण्याला शिकणाऱ्या कुणीतरी रेखाला सांगितलं की नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या खाण्याला 'ब्रंच' म्हणतात, पाटीवर तसं लिहा. पेंटरने लिहिलं, 'सी-फूड आणि ब्रँच'. तेव्हापासून प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "ही ब्रँच, मग मेन दुकान कुठंय?" रेखा आधी समजावून सांगायची. आता ती सरळ सांगते, "मुंबईले शे."

अक्का जन्मभर शाकाहारी होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच रविवारी त्या या हॉटेलात शिरल्या आणि म्हणाल्या, "मला मासा खायचा आहे. कुठला ते तुम्ही ठरवा." रेखाने विचारलं, आजवर कधीच नाही, मग आताच का? तर अक्का म्हणाल्या, "एकतीस वर्षं माझ्या केबिनखालून माशांच्या पेट्या गेल्या. वास मला, मासा लोकांना. आता मीही बघते."

बघितलं, आणि मग सोडलं नाही. दर रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी त्या हजर. माशांची त्यांनी स्वतःची एक वर्गवारी लावलेली आहे. पापलेट म्हणजे एसी फर्स्ट. दिसायला देखणं, बोलायला काही नाही. सुरमई टू टियर. बांगडा स्लीपर. "आणि खरी मजा स्लीपरमध्येच," असं त्या बोट चाटत सांगतात. बोंबील जनरल डबा, कसेही कोंबले तरी पोचतात. मासा खाताना कुणी फोनवर बोललं तर त्या उठून त्या टेबलाशी जातात. "फोन नंतर. घशात काटा अडकला तर पुढचा सगळा मार्ग बंद पडतो." मोठमोठ्या लोकांनी फोन ठेवलेले मी पाहिलेत. एक पोलीस होता, त्यानेही ठेवला.

मी विलास. विम्याच्या ऑफिसात आहे. अक्कांच्या या हॉटेलातल्या कारभाराकडे मी मजा म्हणूनच बघत होतो. त्या रविवारपर्यंत.

झालं असं, की माझी मुलगी पल्लवी पुण्याला नोकरी करते, तिने तिथेच एक मुलगा पसंत केला. ओंकार. रत्नागिरीकडचा, चांगला, हसरा. आम्हाला काही अडचण नव्हती. अडचण त्याच्या आईला होती, आणि ती हुंडा, जात, पत्रिका यातली कुठलीच नव्हती. ती बाई स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर सुनंदाला म्हणाली, "मुलगी लाखात एक आहे हो. पण तुमच्याकडे समुद्र नाही. आमचा ओंकार माशाशिवाय जेवत नाही. सासुरवाडीला येऊन खाणार काय? वांगी?"

खानदेशातल्या माणसाला भरताच्या वांग्यावरून बोललेलं सहन होत नाही. सुनंदाने तोंड दाबून धरलं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही या तर खऱ्या. जळगावात तुमच्यापेक्षा चांगली सुरमई खायला घालतो."

फोन ठेवल्यावर सुनंदा म्हणाली, "काय बोलून बसलात हे?"

मी रेखाकडे गेलो. मे महिन्यातला शेवटचा रविवार ठरला. चारही टेबलं आमची. पाहुणे तिघं, ओंकार आणि त्याचे आईवडील. आम्ही तिघं, माझा धुळ्याचा भाऊ आणि वहिनी. रेखाला मी आधीच खरं काय ते सांगून टाकलं, म्हणजे लेकीचं लग्न आता तिच्या कढईत आहे. रेखा हसली नाही. म्हणाली, "भाऊ, माले तीन दिवस द्या. मसाला घरनाच करसू." आणि शुक्रवारी अख्ख्या कॉलनीला तिच्या काळ्या मसाल्याच्या भाजणीने शिंका आणल्या.

शनिवारी संध्याकाळी पाहुणे आपल्या मोटारीने आले, गावातल्या एका लॉजवर उतरले. त्याच संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं. पत्रे उडाले, केळीच्या बागा आडव्या झाल्या. सकाळी सात वाजता बघतो तर आकाश धुतल्यासारखं आणि ऊन आत्ताच चटके देतंय.

आठला दारावर थाप. उघडलं तर अक्का. अंबाडा, पिशवी, पायातल्या सँडलचे पट्टे नीट लावलेले. मागे रेखा, पदराने घाम पुसत.

"विलासभाऊ," अक्का म्हणाल्या, "गाडी काढा."

"कशाला?"

"चाळीसगावच्या पुढे झाड तारेवर पडलंय. मुंबईच्या गाड्या जिथल्या तिथे उभ्या आहेत. संतोषची गाडी आपल्या अलीकडच्या एका स्टेशनात अडकलीय. मी जुन्या लोकांना फोन केले. अजून तीन तास तरी हलत नाही."

रेखा म्हणाली, "यास्ना फोनबी लागत नही भाऊ. बंद शे. आते काय करू? पेटीमधला बरफ किती टाइम टिकी?"

पाहुण्यांना बाराचं बोलावलेलं होतं. मी हिशेब केला : तासभर जायला, तासभर यायला, त्यात माणूस सापडला तर. सुनंदा आतून म्हणाली, "वांगी आणून ठेवू का?" माझ्या अंगावर काटा आला. मी किल्ली घेतली.

त्या स्टेशनाचं नाव मी इथे सांगत नाही. कारण पुढे तिथे जे झालं, ते नियमात कितपत बसतं ते मला ठाऊक नाही, आणि तिथल्या साहेबांचं मला भलं व्हावंसं वाटतं.

वाटेत अक्का शेजारी ताठ बसल्या होत्या. हातात घड्याळ. रस्त्यावर आडव्या फांद्या. ट्रक अंगावर येत होते. दर दहा मिनिटांनी त्या सांगायच्या, "आपण चार मिनिटं उशिराने धावत आहोत." एकदा मी चिडून म्हणालो, "अक्का, मला माहीत आहे." तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असतं हो. पण कुणी सांगितलं म्हणजे माणूस धीर धरतो." मी समोरची फांदी चुकवली. खरं म्हणजे थोडा धीर धरला होता.

स्टेशनवर पोचलो. तीन गाड्यांची माणसं एका स्टेशनात. वीज गेलेली, लाउडस्पीकर मुके, पंखे बंद. पत्र्याखाली नुसती तलखली. बायका पोरांना वारा घालतायत, म्हातारे पिशव्यांवर बसलेत. जो तो दुसऱ्याला विचारतोय. कुणी म्हणे गाडी रद्द झाली, लगेच शंभर माणसं पुलाकडे धावली. कुणी म्हणे दुसऱ्या फलाटावरून सुटतेय, तीच शंभर माणसं परत. मधोमध एक तरुण अधिकारी उभा, शर्ट भिजलेला, घसा पार बसलेला. तो काहीतरी सांगत होता, पण पहिल्या रांगेतल्या दहा माणसांच्या पलीकडे ते पोचत नव्हतं. या गर्दीत एक संतोष. आणि त्याच्या पायाशी एक पेटी.

मी "संतोऽऽष" अशी हाक मारली. चार संतोषांनी वळून बघितलं. आमचा त्यात नव्हता.

तेवढ्यात पुलाच्या पायऱ्यांवर दोन्हीकडून माणसं एकमेकांवर आली. एक बाई किंचाळली. तिच्या कडेवर पोर होतं. दोघा-तिघांनी तिला ओढून बाजूला घेतलं म्हणून ती सावरली.

अक्कांनी ते पाहिलं. त्या सरळ त्या अधिकाऱ्याकडे गेल्या. "मी कुसुम. एकतीस वर्षं उद्घोषक. तुम्ही मला सांगा, मी लोकांना सांगते."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पुलाकडे. मग खिशातला कागद काढला आणि फाटक्या आवाजात भराभरा सांगत गेला. अक्कांनी पिशवीतून चष्मा काढून दोन ओळी टिपून घेतल्या. मी त्यांना हात देऊन सिमेंटच्या बाकावर चढवलं. गर्दीतली माणसं वळून बघायला लागली. ही बाई बाकावर कशाला चढली?

आणि अक्का थांबल्या. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"काय झालं अक्का?"

त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, लोक बघतायत हो."

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. या बाई जन्मभर दार लावलेल्या खोलीत बसून बोलल्या होत्या. हजारो माणसांशी, पण एकाच्याही डोळ्यांत न बघता. आणि रेखाच्या हॉटेलात? तिथेही त्या नेहमी भिंतीकडे नजर लावूनच बोलायच्या.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "मग तुम्ही बघू नका. तोंड तिकडे करा."

अक्का वळल्या. गर्दीकडे पाठ, भिंतीकडे तोंड. डोळे मिटले. उजव्या हाताने हवेतलं एक अदृश्य बटण दाबलं. मग श्वास घेतला.

"यात्रीगण, कृपया लक्ष द्या!"

तो आवाज पत्र्याला लागला, भिंतीला लागला आणि अख्ख्या फलाटावर पसरला. मी शेजारी उभा होतो, माझ्या कानात शिट्टी वाजली. पुलावरची माणसं जागच्या जागी थांबली. माणसाला त्या आवाजाची सवयच अशी असते, की आधी थांबायचं आणि मग विचार करायचा.

"झाड पडल्यामुळे मुंबईहून येणाऱ्या तिन्ही गाड्या याच स्थानकावर थांबलेल्या आहेत. कोणतीही गाडी रद्द झालेली नाही. कोणत्याही गाडीचा फलाट बदललेला नाही. यात्रीगणांनी पूल ओलांडू नये. जळगाव आणि भुसावळला जाणाऱ्यांसाठी स्थानकाबाहेर बस उभ्या आहेत. पिण्याचे पाणी फलाट क्रमांक एकवर, पश्चिमेच्या टोकाला आहे. लहान मुले आणि वृद्ध यांना सावलीत जागा द्यावी."

मग तेच पुन्हा. मग हिंदी. मग इंग्रजी. प्रत्येक भाषेत तोच ठेका, शब्द न शब्द सुटा. हळूहळू फलाटावरचा गोंगाट बसला. कुणी म्हातारीला उठवून सावलीत नेलं. बसची माणसं रांगेने बाहेर निघाली. तो तरुण अधिकारी खांबाला टेकला आणि त्याने सकाळपासूनचा पहिला पाण्याचा घोट घेतला.

समोरून एक म्हातारा चहावाला किटली घेऊन आला. बाकापाशी येऊन मान वर करून बघत राहिला.

"हाऊ आवाज तं मी वळखस!" तो ओरडला. "भुसावयले तीस वरीस चहा इकना मी! बाई, तुमीच का त्या?"

अक्का अजूनही भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

"ओ, या त्याच बाई शेतस!" त्याने गर्दीला सांगितलं. "गाड्यास्ना बाई!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणी. मग अख्खा फलाट टाळ्या वाजवू लागला. आवाज कुठून आला हे आयुष्यात पहिल्यांदाच कळलेली माणसं माना उंच करकरून बघत होती. अक्कांचे कान लालेलाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "संतोषचं आडनाव काय?"

"सोनवणे."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"विशेष सूचना. मुंबईहून सुरमई घेऊन निघालेले, शिरपूरचे श्री. संतोष सोनवणे यांनी, जिथे असतील तिथून, फलाट क्रमांक एकच्या सिमेंटच्या बाकाजवळ तात्काळ यावे. त्यांची पत्नी वाट पाहत आहे. जळगावात लग्नही थांबलेले आहे."

फलाट हसायला लागला. "ओ संतोषभाऊ!" "अरे जा रे सुरमईवाल्या!" अशा हाका सुरू झाल्या. आणि फलाटाच्या अगदी टोकाकडून माणसांनी वाट करून दिली, त्या वाटेने आमचा संतोष पळत आला. डोक्यावर पेटी, पेटीतून पाणी टपकतंय, स्वतः पावसातून आल्यासारखा भिजलेला. फोन गाडीतच बर्फाच्या पाण्यात पडून मेला होता. आणि तो इतका वेळ होता कुठे? लिंबूसरबतवाल्याकडे. त्याच्या गाडीवरचा सगळा बर्फ याने घेतला होता. सरबतवाला गरम सरबत विकत याला शिव्या देत होता.

मी पेटीचं झाकण उचललं. सुरमई चकाकत होती. खरं सांगतो, पल्लवी जन्मली तेव्हाही मी इतक्या काळजीने बघितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर अक्का काही बोलेनात. मी विचारलं, "किती मिनिटं उशिराने, अक्का?" त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली. आवाज बसला होता. त्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि बोटांनी खूण केली, चला.

अकराला दहा कमी असताना आम्ही हॉटेलच्या दारात होतो. रेखाने पेटी घेतली, मासे पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं, म्हणाली, "अंघोळ करी या पहिले," आणि आत गेली. पुढच्या तासाभरात त्या स्वयंपाकघरातून जे आवाज आले ते तोफखान्याचे होते.

बाराला पाहुणे आले. ओंकारच्या आई खुर्चीवर बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मासा कधीचा आहे ते मला डोळा बघून कळतं." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. त्या तशाच उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही श्वास रोखून बसलो. मिनिटभराने बाहेर आल्या, पदर सावरत खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "कालचाच आहे." आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

पोहे-शेव झाली, बोंबील झाले. मग सुरमई आली. काळ्या मसाल्याचा दाट रस्सा, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. विहीणबाईंनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास घेतला. नाक पुसलं. तिसरा. त्यांचे यजमान आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते, ते म्हणाले, "वाढा."

"हे कशाचं आहे?" विहीणबाईंनी विचारलं. "नारळ कुठंय यात?"

रेखा दारात उभी होती. "नारळ भाजेल शे. कांदा भाजेल शे. बाकीना मी सांगाव नही."

"का सांगणार नाहीस?"

"मंग तुमी जळगावले कसाले येशात?"

विहीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. सगळे पाणी द्यायला धावले. ठसका थांबल्यावर त्या म्हणाल्या, "विलासराव, तारीख काढा. पण लग्नाची पंगत हिच्या हातची पाहिजे. नाहीतर आम्ही येत नाही."

माझ्या भावाने टेबलावर थाप मारली. पल्लवी आणि ओंकार एकमेकांकडे बघून लाजले, जणू त्यांचं काही आधी ठरलंच नव्हतं. सुनंदाने सगळ्यांदेखत माझा हात धरला, बऱ्याच वर्षांनी. मी भिंतीपाशी बसलेल्या अक्कांकडे वळून म्हणालो, "अक्का, करा घोषणा!"

अक्कांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे. म्हणजे मीच करायची. मी उभा राहिलो. "कृपया इकडे लक्ष द्या," म्हणालो, आणि मग मला पुढे काही सुचेचना. "पल्लवी आणि ओंकार... दोघं... वेळेवर सुटत आहेत." हॉटेलभर हशा पिकला. अक्का आवाज न करता हसत होत्या, खांदे हलत होते, डोळे पुसत होत्या.

दोन वाजता पाहुणे गेले. रेखाने भांडी आवरायला घेतली, संतोष मागे पाटावर बसल्या बसल्या झोपला होता. मी राहिलेला डबा घ्यायला आत आलो तेव्हा अक्का आपल्या टेबलावर होत्या. एवढ्या गडबडीत त्यांचं जेवण राहूनच गेलं होतं. रेखाने त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि वळली.

अक्कांनी तिचा पदर धरला.

"काय पाहिजे अक्का? भाकर?"

अक्कांनी मान हलवली. नाही. मग बसलेल्या घशातून, अगदी हळू, रेखाच्याच बोलीत त्या म्हणाल्या, "बठ ना जराशी."

रेखा थांबली.

"तठे केबिनमां एकलीच जेऊ मी," अक्का म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "एक घास खावो, गाडी ये. बटन दाबो, बोलो, परत घास. घरीबी एकलीच. येवढ्याकरता येस मी अठे दर आइतवारले. मासा तं निमित्त शे."

रेखाच्या हाताला साबण होता. तिने तो पदराला पुसला. आत गेली, गॅस बंद केला, एक ताटली घेऊन आली आणि अक्कांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

अक्कांनी आपल्या ताटातला सुरमईचा मोठा तुकडा उचलून तिच्या ताटलीत ठेवला. रेखा नको म्हणाली नाही. तिने भाकरी मोडली, अर्धी अक्कांना दिली, आणि सकाळपासून स्वयंपाकघरात काय काय झालं ते सांगायला लागली. कढई कशी तापेना, मीठ दोनदा कसं पडता पडता राहिलं. अक्का घास घेत होत्या आणि ऐकत होत्या.

मी डबा घेतला आणि दार हळूच ओढून घेतलं.